चष्म्यावर चढेल असा गॉगल

"चष्मा काढून ठेवायचा, मॅडम," फोनवरचा माणूस म्हणाला. "वर वारा फार असतो. गॉगल आम्ही देतो."

"गॉगल घालीन की. पण चष्मा काढल्यावर मला दिसणार काय?"

"दिसायचं काय त्यात? अनुभव घ्यायचा!"

घाटापलीकडे, देशावरच्या एका धावपट्टीवर विमानातून उडी मारायचं शिबिर होतं आणि मी त्यात नाव दिलं होतं. वय चाळिशीपार, नोकरी शहापूरच्या एका कचेरीत, आणि डोळ्यांचा नंबर उणे नऊ. उडीचं काही विशेष नव्हतं. पाठीला प्रशिक्षक बांधलेला, त्याच्या पाठीला पॅराशूट बांधलेलं, मला नुसतं पडायचं होतं. पडणं ही कला माझ्यात उपजतच आहे. पण उणे नऊ म्हणजे काय ते त्या माणसाला कोण सांगणार? चष्मा काढला की समोरचा माणूस मला तो बोलल्यावरच माणूस म्हणून कळतो. तोवर तो शर्ट घातलेला धूर असतो. मला वरून सगळी जमीन एकदा स्वच्छ बघायची होती. धूर बघायला विमान कशाला? नुसता अनुभवच घ्यायचा तर घरी डोळे मिटून, पंखा पाचवर करून, पलंगावरून लोळण घेतली असती.

मी त्या माणसाचं डोकं खात राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं, आणा तुमचा गॉगल. काच नको, प्लॅस्टिक पाहिजे. काळा नको. कडक कडा नको. तुमच्या चष्म्यावर नीट बसला आणि आत वारा शिरला नाही, तर जा चष्म्यासकट. नाहीतर चष्मा जमिनीवर आणि तुम्ही आकाशात."

"ठरलं," मी म्हटलं. तो म्हणाला, "अहो, ठरलं काय, बघू म्हणालो." पण तोवर मी फोन ठेवला होता.

माझ्या हट्टाला इतिहास आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझं माहेर मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडचं गाव. तिथे जयंतीला दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्या वर्षी मी राणी होते. नाटक बसवणारे आमचे मामा म्हणाले, "राणीला चष्मा नसतो."

"मामा, मला दिसत नाय."

"राणीला बघायचं काय काम? लोकांनी राणीला बघायचं!"

मी ऐकलं. दुसऱ्या अंकात "मी हे राज्य सोडून चालले!" असं गरजून मी उजवीकडे निघाले, आणि निघाले ती राज्यच काय, स्टेजही सोडून गेले. खाली पेटीवाला होता. मी पेटीच्या भात्यावर बसले आणि त्यातून असा सूर निघाला की आजही गावात तो लोकांना काढून दाखवता येतो. टाळ्या नाटकातल्या कुठल्याच वाक्याला पडल्या नाहीत तेवढ्या पडल्या. मी उठून उभी राहिले, मुकुट सारखा केला, आणि मनाशी ठरवलं की यापुढे आयुष्यातली एकही मोठी गोष्ट चष्मा काढून करायची नाही. दुसऱ्याच आठवड्यात मुरबाडला जाऊन मी दुकानातला सगळ्यात मोठा चष्मा विकत घेतला. अर्धे गाल झाकणारा, भुवयांच्या वर चढणारा. लग्नही त्याच मापाच्या चष्म्यात लागलं. नवरदेवाला माझे गाल चार दिवसांनी दिसले.

तर गॉगल. आमच्याकडे गॉगल दोनच कारणांनी लागतो. एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दोन, डोळे आलेत. तिसऱ्या कारणाने कुणी घातला तर तो गावचा राहिला नाही, असं समजतात. शहापूरच्या बाजारात माझा नेहमीचा चष्मेवाला. त्याला म्हटलं, "विमानातून उडी मारताना घालायचा गॉगल दाखवा."

तो स्वतःच्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, डोळे आलेत असं सांगायला लाजायचं कशाला? साथ चालू आहे. अर्ध्या बाजाराचे आलेत." आणि खणातून काळाकुट्ट गॉगल काढून त्याने दोन बोटांनी, लांबूनच, माझ्याकडे सरकवला.

खरं सांगितल्यावर त्याला इतका आनंद झाला की त्याने शेजारच्या कापडवाल्याला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. त्याचं मत पडलं की चष्म्याची भानगडच नको, डोळ्यांत लेन्सा घाला. मी घातल्या, म्हणजे घालायला बसले. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या.

"काय चाललंय गो? स्वताच्या डोळ्यात स्वताच बोट?"

"आई, बोलू नका, लक्ष जातं."

तेवढ्यात बोटावरची लेन्स उडाली ती थेट त्यांच्या सुपात. मी "हलू नका!" म्हणून ओरडले. त्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त कोंडा समजून ती फुंकून दिली. दुसरी लेन्स बसली, पण त्या डोळ्याने असं रडायला घेतलं की शेजारीण माझं सांत्वन करायला आली. कुणाचं काय झालं, हे विचारायचं तेवढं राहिलं होतं. लेन्सांचा विषय त्याच संध्याकाळी संपला.

"डोळे झाक नि मार उडी," सासूबाईंनी निकाल दिला. "पडताना काय बगायचं असतंय?"

"जमीन, आई."

"ती काय पळून जाते? पडलीस की भेटंल."

मग मुरबाड. तिथे कारखाने आहेत आणि कारखान्यांना लागणारं सामान ठेवणारी दुकानं आहेत. एका दुकानात मला हवं ते दालनच होतं म्हणा ना. वेल्डिंगचा गॉगल, तो काळा म्हणून बाद. ग्राइंडिंग करणाऱ्यांचा गॉगल, बाजूला भोकं भोकं असलेला. आणि ॲसिडचं काम करणाऱ्यांचा मऊ प्लॅस्टिकचा ऐसपैस गॉगल, मागे रबरी पट्टा. "चष्म्यावरून बसतो," दुकानदार म्हणाला. मी भोकांचा आणि मऊ, दोन्ही घेतले.

आता परीक्षा घ्यायची. माझी धाकटी नणंद सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्याकडे स्कूटी होती आणि तिच्या अंगात माझ्याइतकाच वाह्यातपणा. तिने मला मागे बसवून हायवेला स्कूटी पळवली. मी गॉगल घालून तिच्या खांद्यावरून मान बाहेर काढली. दोन्ही गॉगल झकास! वारा आत शिरेना. वाटेत कचेरीतल्या साहेबांनी गाडीची काच खाली करून ओरडून विचारलं, "डोळे आले का?" आणि उत्तर न ऐकता काच वर केली.

मी खूश होऊन घरी आले आणि जेवताना हातातला घास तसाच राहिला. "बाय," मी नणंदेला म्हटलं, "आपलं चुकलं. वारा पुढून घेतला आपण. मी पडणार म्हणजे वारा खालून येणार."

"खालून वारा कुठून आणायचा वहिनी?"

आणि दोघी एकदमच म्हणालो, "माळशेज!"

ज्यांनी भर पावसाळ्यात माळशेज पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे दरीतून वारा असा उसळून येतो की खाली पडायला निघालेला धबधबा वाटेतूनच परत वर येतो आणि रस्त्यावरच्या लोकांना भिजवतो. विमानाखालचा वारा आमच्या तालुक्यांना एवढ्या जवळ मिळतो, आणि आम्ही तिथे नुसती मक्याची कणसं खातो.

भादव्यातल्या एका रविवारी स्कूटीवरून निघालो. पाठ मोडली, माहेरी थांबून चहा घेतला. मामांनी विचारलं कुठे, मी म्हटलं पडायला, ते म्हणाले पेटी बरोबर घे. घाटात एक रुंद कठडा बघून मी त्यावर पोटावर झोपले, डोकं आणि छाती दरीवर. नणंद माझ्या पोटऱ्यांवर फतकल मारून बसली. तुम्ही असलं काही करू नका. माझी नणंद चांगली वजनदार आहे म्हणून मी केलं.

भोकांचा गॉगल आधी. खालून आलेला तुषारांचा लोट सगळ्या भोकांतून आत घुसला आणि माझ्या डोळ्यांपुढे तळी साचली. बाद. मग मऊ गॉगल. हा टिकेल असं वाटलं, तोच वारा कानशिलाजवळून आत शिरला, आतल्या आत माझा चष्मा उचलला गेला, कपाळाला जाऊन चिकटला आणि तिथे थडथड वाजायला लागला. दरी गेली, हिरवा धूर आला.

तोवर मागे लोक जमले होते. कणसं भाजणारी एक मावशी विस्तव सोडून आली.

"काय पडलं का गो खाली?"

"नाय मावशी," नणंद माझ्या पायांवरून म्हणाली. "पडायची प्रॅक्टिस चाललीय."

"दोघी बसल्यात का एकीवर एक? घरचे कुठं हायेत?" मावशीने विचारलं, आणि आम्हाला घरचे नसावेत अशीच तिची खात्री झाली.

मी तीनदा पट्टा आवळला. तीनदा चष्मा कपाळावर गेला. हसूही येत होतं आणि मनातून खचतही होते. याहून मोठा गॉगल मुरबाडात नव्हता, त्या दुकानदाराला मुंबईतही मिळाला नव्हता. उठून कठड्यावर बसले, ओला चष्मा ओढणीला पुसायला घेतला. नणंद माझ्याकडे बघून हसायला लागली.

"काय झालं?"

"काय नाय. दादाच्या लग्नातले फोटो आठवले. बायका विचारायच्या, नवरी कुठंय? आमी सांगायचो, त्या चष्म्याच्या मागं."

मी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. स्टेजवरून पडल्यापासून मी तेच माप धरून बसले होते, सगळ्यात मोठं. त्याच्या काड्या कानशिलांवर बाहेर आलेल्या, आणि गॉगल नेमका तिथेच चेहऱ्यापासून सुटत होता. इतके महिने मी गॉगल मोठा शोधत होते. चष्मा लहान करता येतो हे माझ्या राणीच्या डोक्यात आलंच नव्हतं.

सोमवारी पुन्हा चष्मेवाला. "सगळ्यात लहान फ्रेम दाखवा."

"सगळ्यात लहान पोरांच्या असतात. कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने कापडवाल्याला पुन्हा हाक मारली. दोघांनी मिळून माझ्या तोंडावर शाळेतल्या पोरांचे सगळे चष्मे लावून पाहिले. काड्या ताणून जी एक फ्रेम बसली ती निळी होती आणि तिच्या दोन्ही काड्यांवर ससे होते.

"ससा आहे वहिनी," तो जरा काळजीने म्हणाला.

"असू दे. तोही उड्याच मारतो."

पाऊस सरता सरता आणखी एकदा घाट गाठला. तीच नणंद, तोच कठडा, तोच मऊ गॉगल, आत सशाचा चष्मा. वारा गालांवर आपटला, ओठ फडफडले, पण चष्मा नाकावर होता आणि दरीतली झाडं सुटी सुटी दिसत होती. मावशीने यावेळी विचारलंही नाही. नणंदेला एक कणीस आणून दिलं फक्त.

शिबिराच्या दिवशी सकाळी प्रशिक्षकाने माझी तपासणी केली. उंच, न हसणारा माणूस. गॉगलच्या कडेने बोट फिरवलं. पट्टा ओढला. मग दोन्ही हातांत माझं डोकं धरून, नारळात पाणी आहे का बघतात तसं हलवलं. मला वर, खाली, बाजूला बघायला लावलं. चष्मा ठेवण्यासाठी त्याच्या मागे टेबलावर एक डबा होता, त्यात दुसऱ्या दोघांचे चष्मे आधीच जाऊन पडले होते.

"चष्म्यावर ससा आहे," तो म्हणाला.

"हो."

"हलत नाही."

"ससा का चष्मा?"

"दोन्ही," तो म्हणाला. "चला."

मी त्याला तिथेच ओवाळलं असतं.

विमानाचं दार उघडल्यावर मी काय ओरडले ते त्याने मला नंतर विचारलं. मी राज्य सोडून चालले होते, दुसरं काय! एका बारीक फटीतून वारा आत येतच होता, डोळ्यांतून पाणी कानांकडे पळत होतं, पण मी पापणी लववली नाही. बांध दिसले, एकेक बांध, पेन्सिलीने आखल्यासारखा. मग वर छत्री उघडली, सगळा आवाज बंद झाला आणि आम्ही सावकाश उतरायला लागलो. एका अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, लाल चौकोन. त्याच्या कडेला एक बाई डोळ्यांवर हात धरून वर बघत होती. मी तिला हात केला. तिनेही केला. तिचा पदर पिवळा होता. पिवळा! तो मला वरून दिसला.

जमिनीवर आले ती बसूनच. जमीन मात्र सासूबाई म्हणाल्या तशीच भेटली.

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून शहापूरच्या एसटीत चढले. डोळे वाऱ्याने लालभडक, भोवती गॉगलचे वळ. शेजारच्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"डोळे आले का गो?"

"आले," मी म्हटलं. "कालच आले."

ती घाईघाईने पुढच्या सीटवर गेली, आणि शहापूर येईपर्यंत मी पाय पसरून, खिडकीतून सगळं बघत बसले.