वजन पाच

आमच्या ऑफिसात तीन सर्व्हर आहेत. येणारं काम त्यांच्यात वाटायला प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा लिहावा लागतो; त्याला आम्ही वजन म्हणतो. वजन जास्त, तर काम जास्त. मी दोघांना एकेक दिलं, तिसऱ्याला पाच.

"त्यालाच का एवढं?" शेजारच्या प्राचीने विचारलं.

"तो कुरकुरत नाही."

तेवढ्यात आईचा फोन आला. "बाबांना उद्या दवाखान्यात तूच ने गं. दादाला नाही जमत, तुला जमतं."

"बरं," म्हटलं. पण मग जागेवर बसवेना. उठले, पाणी प्यायले, परत आले. स्क्रीनवर तो पाच तसाच. न कुरकुरणाऱ्यांपुढे हे आकडे कोण, कधी लिहून ठेवतं?

चिडून चार केलं. थोड्या वेळाने पुन्हा पाच.

"काय गं?" प्राची म्हणाली.

"काही नाही. त्याला जमतं."