ओसाकाच्या फुटपाथवरचा फुकटचा माल

आधी चहा संपवा. कप खाली ठेवल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, कारण मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या एका मित्राला असा ठसका लागला की नवीन सोफ्याचं वाटोळं झालं.

तर, मी जपानमध्ये चोरी केली. हो, चोरी! दिवसाढवळ्या, पोटच्या पोरीला सोबत घेऊन, आणि वर ज्याचा माल त्यालाच बाकरवडी देऊन!

असं बघू नका माझ्याकडे. पहिल्यापासून सांगते.

न्युरेम्बर्गला राहायला आल्यावर मला जर्मन लोकांची एक पद्धत जाम आवडली. घरात नको झालेली वस्तू ते खोक्यात घालून दाराबाहेर फुटपाथवर ठेवतात. वर चिठ्ठी, 'त्सु फेरशेंकेन'. म्हणजे फुकट आहे, खुशाल घेऊन जा. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पुण्याची, चारचौघांत रस्त्यावरचं उचलू? मान वळवून पुढे जायचे. मग एक दिवस एक तांब्याचं पातेलं दिसलं, आणि माझा तोल गेला तो गेलाच. आज आमच्या घरातला दिवा, पुस्तकांचं कपाट, वाफल्सचं मशीन, सगळं फुटपाथचं आहे. चिठ्ठी वगैरे मी वाचतसुद्धा नाही. नीट रचून ठेवलेलं सामान दिसलं की समजून जायचं.

जपानला निघताना नवरा एअरपोर्टवर म्हणाला, "मंजू, तिकडे काही उचलू नकोस हं."

"मी काय भिकारीण वाटले तुला?"

"नाही गं. पण तुला आवरत नाही."

बघा, बायकोवर किती तो विश्वास! तो बिचारा ऑफिसमुळे मागे राहिला, आणि आम्ही दोघी निघालो. मी आणि माझी लेक रेवा.

रेवा पंधरा वर्षांची. जर्मनीतच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आईला म्हणते 'मामा'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा सख्खा भाऊ व्हिडिओ कॉलवर "काय गं?" म्हणून ओ देऊन मोकळा झाला होता. आणि गेलं वर्षभर तर तिचं जर्मनही आटलं होतं. "शाळा कशी होती?" "गूट." म्हणजे बरी. "जेवलीस का?" "या." म्हणजे हो. आणि धाड्‌कन खोलीचं दार बंद. आत ती, तिचे अ‍ॅनिमे आणि तिच्या मांगा. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. मी एकदा 'तुझी ती कॉमिक्स' म्हणाले, तर दोन दिवस अबोला धरला बाईसाहेबांनी. अ‍ॅनिमे बघून, मांगा वाचून मला जपानी यायला लागलंय, असंही म्हणायची. मी म्हटलं, मारतेय थापा.

खरं सांगू? मला माझी बडबडी पोर परत हवी होती. म्हणून सगळी सुट्टी एकत्र केली आणि तिला म्हटलं, "चल जपानला. तुझ्या त्या मालिकेचे उरलेले भाग मी मिळवून देते. आईचा शब्द!"

मालिका कसली, तर राक्षसांना शिवणकाम शिकवणाऱ्या एका शिंपिणीची. जुनी आहे, आता छापत नाहीत. रेवाकडे सुरुवातीचेच भाग होते. पुढे ती शिंपीण जगते की राक्षस तिला खातात, या काळजीने माझी पोरगी सुकत चालली होती. मी म्हटलं, "इंटरनेटवर बघून टाक ना शेवट." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने पोळ्या लाटायला गेले.

टोकियो झालं, क्योटो झालं, ओसाका आलं. काय दुकानं हो! मजल्यावर मजले, आणि सगळीकडे मोठ्ठाल्या डोळ्यांच्या बाहुल्या आपल्याकडे टक लावून बघतायत. पुस्तकं सगळी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, उघडून बघायची सोय नाही. मी वांगंसुद्धा चार वेळा दाबून घेणारी बाई! एका कोपऱ्यात हळूच नखाने प्लास्टिक उचकटलं, तर विक्रेती धावत आली आणि मला वाकून वाकून नमस्कार करायला लागली. मीही वाकले. जपानमध्ये रागावतात की स्वागत करतात, काही कळत नाही बुवा.

शिंपीण मात्र पुरी कुठेच नाही. मधले भाग मिळायचे, शेवटचे गायब. ओसाकाच्या शेवटच्या दुकानातून बाहेर आलो तेव्हा रेवाचं तोंड एवढंसं झालं होतं.

"एगाल, मामा," म्हणाली. म्हणजे जाऊ दे, काही फरक पडत नाही. पोर 'एगाल' म्हणते तेव्हा किती फरक पडलेला असतो, ते आईला कळतं.

दुसऱ्या दिवशी रात्री आमचं परतीचं विमान. सकाळी सामान भरून झालं आणि म्हटलं, जरा पाय मोकळे करू. हॉटेलमागच्या एका शांत गल्लीत वळलो, आणि माझे पाय जागेवरच थांबले.

एका दाराबाहेर, फुटपाथवर, उन्हात, सुतळीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. वरच्या पुस्तकावर शिंपीण! हातात सुई, मागे राक्षस! आणि खाली पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे भाग! शेजारी एक छोटं स्टूल, एक किटली, एक टेबल फॅन. सगळं कसं नीट रचून ठेवलेलं.

"रेवा! त्सु फेरशेंकेन!" मी किंचाळले.

"मामा, नाइन! दास इस्ट निश्त..." म्हणजे, नाही, हे तसं नाहीये...

"अगं, नाइन काय? आपण नाही नेलं तर रद्दीच्या गाडीत जाईल! धर ते स्टूल."

"मामा, बिट्टे!"

बिट्टे म्हणजे प्लीज. प्लीज म्हणे! पोरीला लाज वाटत होती, दुसरं काय. मी गठ्ठा काखेत मारला. किटली छान होती, तीही घेतली. फॅन मात्र सोडला, प्लग जर्मनीत चालला नसता. मला अक्कल नाही असं समजू नका.

दहा पावलं गेलो असू, तर मागून एक म्हातारबाबा धावत आले. पांढरा झगा, खांद्यावर टॉवेल. धापा टाकत काहीतरी म्हणाले, वाकले, गठ्ठ्याकडे हात केला, परत वाकले.

"बघ, किती आनंद झालाय त्यांना! वस्तू चांगल्या घरी चालल्यात म्हणून," मी रेवाला म्हटलं.

"मामा, एर झाक्ट..." म्हणजे, ते म्हणतायत की...

"तू गप्प बस गं, मोठी माणसं बोलतायत ना?"

आता फुकट घ्यायचं आणि रिकाम्या हाताने निघायचं, हे काही आपल्यात बसत नाही. पर्समध्ये बाकरवडीचं पाकीट होतं. ते आजोबांच्या हातात कोंबलं आणि "अरिगातो, अरिगातो" करत निघाले. आजोबा पाकीट धरून आमच्या मागे. समोरच्या घरातून एक बाई आल्या, त्याही वाकल्या, त्याही मागे. मला तर भरूनच आलं! परक्या देशात अख्खी गल्ली निरोप द्यायला निघालीय! मी वळून वळून हात हलवत होते.

मग सायकलवरून पोलीस आला. तोही उतरून वाकला.

म्हटलं, वा! सरकारी मानवंदना!

मी गठ्ठा सांभाळत सेल्फीसाठी फोन काढला, आजोबांना जवळ ओढलं, पोलिसाला "कम, कम" म्हटलं. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, आणि मोडक्या इंग्रजीत अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम... व्हाय यू टेक हिज शॉप?"

शॉप?

मी मागे वळून बघितलं. त्या दाराशी लाल, निळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचा खांब गरागरा फिरत होता. सलून! आत फरशीवर साबणाचा फेस. आजोबांनी फरशी धुवायला काढली होती, म्हणून सामान घटकाभर बाहेर ठेवलं होतं. पुस्तकं गिऱ्हाइकांना वाचायला, स्टूल लहान मुलांसाठी, किटली चहाची. आणि मी अर्धं दुकान उचलून निघाले होते!

तोंडचं पाणीच पळालं. तुरुंग, पासपोर्ट, नवऱ्याचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "सॉरी, जर्मनी, फ्री, स्ट्रीट," असं काहीबाही बरळायला लागले.

तेवढ्यात रेवा पुढे झाली. कमरेत वाकली, आणि माझी ही 'गूट' नि 'या' वाली पोरगी जपानीत सुरू झाली. धबाधब! हातवारे काय, मान काय, आजोबांना काय सांगतेय, पोलिसाला काय सांगतेय! आजोबा आधी "ओऽऽ" म्हणाले, मग शेजारीणबाईंनी तोंडावर हात धरला, आणि शेवटी पोलीस इतका हसला की त्याने टोपी काढून डोळे पुसले.

गठ्ठा काही विकत मिळाला नाही. आजोबांची नेहमीची गिऱ्हाइकं गोष्टीच्या मध्यावर होती, त्यांना असं अधांतरी कसं सोडणार? पण त्यांनी रेवाला आत खुर्चीत बसवलं, हातात उरलेले भाग दिले आणि चहा केला. त्याच किटलीत. ती वाचत होती, आजोबांशी गप्पा मारत होती, खिदळत होती. शिंपीण जगली, बरं का! आणि मी? शरमेने आजोबांच्या हातातून फरशीचं फडकं हिसकावून घेतलं आणि अख्खं सलून पुसून काढलं. घरी रोबो फरशी पुसतो हो माझी!

निघालो तेव्हा रेवाने आपणहून माझा हात धरला. मी विरघळलेच. तरी मनात किडा वळवळत होता.

"काय गं, त्या पोलिसाला असं काय सांगितलंस, की तो एवढा हसला?"

रेवा थांबली, आणि चक्क मराठीत बोलली. "मी सांगितलं, ही बाई पण मला अशीच रस्त्यावर मिळाली. कोणी नेत नव्हतं, म्हणून मी घेतली."

"कार्टे! आणि तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, ठीक आहे, पण परत इथे ठेवू नको. मोठा कचरा न्यायचा वार आज नाहीये."