मोहोर विकण्याआधी

अकोल्याच्या सराफ्यातले ते सराफ कोणतंही नाणं फक्त कडेनं धरत आणि बोलत अगदी सावकाश. आणे जाऊन नवे पैसे आले त्या साली, धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालण्यासाठी मी आईची मोहोर विकायला त्यांच्याकडे नेली. पदरानं पुसू लागले, तर त्यांनी थांबवलं.

"घासू नोका, बाई. मी सोन्याचाच भाव देईन. खरंच जुनी असन तं लय जास्त पैसे येतीन. आधी मुंबईच्या जानकाराले दाखवा."

"आणि नसली तर?"

"तं माह्याकडंच या."

मुंबईच्या तज्ज्ञानं ती अलीकडची नक्कल ठरवली. सोनं तेवढं खरं निघालं. मी ओशाळून परतले. सराफांनी सोन्याचा पुरा भाव दिला.

"जाण्यायेण्याचा खर्च वायाच गेला," मी म्हणाले.

"नाई, बाई. आईची मोहोर सस्त्यात इकली, असं आता जनमभर वाटनार नाई तुमाले."