चौदा चिंचोके

गाणं ऐकून लोक गाणाऱ्याला दाद देतात, फार तर स्पीकरला. ट्रान्सफॉर्मरला दाद देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो म्हणजे माझे वडील. अण्णांचं उस्मानपुऱ्यात, घराच्याच पुढच्या खोलीत, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्यायचं दुकान होतं. जयंतीच्या मिरवणुकीत अ‍ॅम्प्लिफायर खणखणीत वाजायला लागला की सगळी गल्ली नाचायची आणि अण्णा गाडीच्या मागं जाऊन, आतला आपण गुंडाळलेला गोळा फार तापला तर नाही ना, हे हात लावून बघायचे. नाचायला त्यांना कधी सवडच मिळाली नाही.

जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन मोठे ट्रान्सफॉर्मर असतात. एक घरातली वीज आत घेतो. त्याच्या लोखंडी पट्ट्या ढिल्या असल्या की गाण्यामागं सतत घूं घूं ऐकू येतं. दुसरा आवाज स्पीकरला देतो, आणि खरी गोम त्या दुसऱ्यात. त्याच्यात बारीक तारेचे दोन भाग असतात. एक व्हॉल्व्ह एका भागावर काम करतो, दुसरा दुसऱ्यावर, म्हणून दोन्हीकडं तारेचे वेढे अगदी सारखे पाहिजेत. अण्णा गिऱ्हाइकाला बैलजोडीचं उदाहरण द्यायचे. एक बैल जास्त ओढायला लागला तरी गाडी गावाला पोचतेच, पण आत बसलेल्याचं कंबरडं काय म्हणतं ते विचारा, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट लागोपाठच्या दुष्काळी वर्षांतली. शहर तेव्हा बीड बायपासच्याही पलीकडं पसरत चाललं होतं आणि पाणी मात्र आखडत चाललं होतं. आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही त्याच्या मर्जीनं. संध्याकाळी आसपासच्या बोअरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचं आणि दुकानात लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला गायक घसा धरल्यासारखा गायला लागायचा. अण्णा घड्याळाकडं न बघता सहा वाजले म्हणून सांगायचे.

त्याच उन्हाळ्यात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. केसासारखी तार त्यांना त्याआधीही दिसत नव्हतीच, नुसत्या बोटांच्या सवयीवर चाललं होतं. आता बोटंही थरथरायला लागली होती. तेवढ्यात पिशोरचा एक मोटर-रिवाइंडिंगवाला अण्णांचं तार गुंडाळायचं मशीन विकत मागायला आला. विहिरी आटल्या की पंप कोरडे फिरतात आणि जळतात, त्यामुळं त्याच्याकडं कामाचा ढीग लागला होता. दुष्काळात तेजी आलेला मी पाहिलेला तो दुसरा धंदा. पहिला टँकरचा.

मला ते मशीन द्यायचं नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, मुलांना फळ्यावर ट्रान्सफॉर्मर काढून दाखवत होते आणि घरातला खरा ट्रान्सफॉर्मर मात्र पिशोरला चालला होता, याची मला लाज वाटत होती. शिवाय लहानपणापासून मला त्या मशीनच्या हँडलसमोरच्या खुर्चीची हाव होती, हे खरं कारण. सुट्टी लागल्यावर मी अण्णांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी पिशोरवाल्याला थांबायला सांगितलं आणि मला एक काम दिलं. बायपासकडच्या नव्या फ्लॅटमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. तो मी गुंडाळायचा. जमला तर मशीन घरात राहणार, नाही तर पिशोरला जाणार.

मशीनचा, वेढ्यांचा आकडा दाखवणारा काउंटर केव्हाच बंद पडला होता. त्याच्या जागी अण्णांची स्वतःची पद्धत होती. मशीनच्या दोन बाजूंना दोन पितळी वाट्या. डावीकडच्या वाटीत चिंचोके. मनात शंभर वेढे मोजून झाले की एक चिंचोका उजव्या वाटीत टाकायचा. साहेबांच्या कामाला एका भागात चौदाशे वेढे होते, म्हणजे चौदा चिंचोके. मोजताना बोलायचं नाही हा घरातला सर्वांत कडक नियम. पाहुणा आला तरी हातानं बस म्हणायचं, आणि चहात साखर किती हे बोटांनी दाखवायचं. आमच्याकडं नवीन येणाऱ्यांना वाटायचं, या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही.

पहिला भाग झाला. चौदा चिंचोके पडले. मी स्वतःवर खूश होऊन दुसरा भाग सुरू केला. अण्णा डोळ्याची पट्टी बदलायला दवाखान्यात गेले होते. दुपारची वेळ, घामानं तार बोटाला चिकटत होती, चिंचोके एकेक करून उजवीकडं चालले होते, आणि आईनं मागून हाक दिली की नळ आला.

नळ आला म्हणजे काय हे त्या वर्षांत शहरात राहिलेल्यालाच कळेल. हंडे, बादल्या, टिपाडं तर होतीच, पण आईचा कायदा असा, की नळ चालू असताना घरात रिकामं भांडं दिसता कामा नये. कुकर, डबे, एक तवा सोडला तर सगळं. मला वक्तृत्वात मिळालेला चषकसुद्धा दर चौथ्या दिवशी भरून ठेवला जायचा. मी शंभराचा आकडा पुरा केला, चिंचोका टाकला, तारेला चिकटपट्टी लावली आणि हंडा उचलून पळाले.

अर्ध्या तासानं कंबर धरून परत आले तर मशीनच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या. सगळे चिंचोके आईनं एकत्र करून खिडकीत नीट रचून ठेवले होते. वर तिनं मलाच ऐकवलं, की पितळी वाट्या रिकाम्या पडल्यात, तुझं लक्ष कुठं असतं.

मी खुर्चीत बसले आणि आठवायला लागले. नऊ पडले होते की दहा? थर मोजून अंदाज काढावा, तर माझे थर अजून सारखे बसत नव्हते, कुठं ऐंशी वेढे तर कुठं शंभर. उसवून पहिल्यापासून गुंडाळावं, तर ती तार इतकी बारीक की माझ्या हातानं उसवताना तुटलीच असती, आणि तेवढंच रीळ शिल्लक होतं. पिशोरवाला मनात दारात उभा होता. शेवटी मी स्वयंपाकघरातला हिशेब लावला. भात करताना आई मूठभर जास्तच टाकते, कमी पडण्यापेक्षा उरलेला बरा. मी नऊ धरले आणि पुढं मोजायला लागले.

संध्याकाळी अण्णा आले, एका डोळ्याला हिरवी पट्टी. दोन्ही भाग सारखे आहेत का ते तपासायचा मीटर त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी विचारलं, नीट मोजलंस का. मी म्हटलं, मोजलं. आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण ते एक अजून दातात अडकलेलं आहे.

साहेब अ‍ॅम्प्लिफायर न्यायला आले तेव्हा सोबत एक जुनी गझलांची रेकॉर्ड आणि तिचा प्लेअरही घेऊन आले. निझामाच्या कचेरीत कारकुनी केलेल्या घराण्यातले, उर्दू ऐकताना मान तुकवायची सवय पिढीजात. पहिल्याच ओळीला त्यांनी डोळे मिटले. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, की मूळ कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरमध्येसुद्धा एवढा गोडवा नव्हता. गायकाचा आवाज जाड, उबदार, अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखा येत होता. मला स्वतःलाही तो आवडला, हे आणखी वाईट. अण्णा मात्र स्पीकरपाशी कान नेऊन बराच वेळ बसले. मग एवढंच म्हणाले, की साखर जरा जास्त झालीय. त्यावर आम्ही सगळे हसलो आणि मी सर्वांत मोठ्यानं हसले.

पंधरा दिवसांत साहेबांच्या कौतुकाचा बोभाटा झाला. त्यांचे दोन मित्र आपापले त्याच कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले आणि म्हणाले, मॅडम, अगदी तसाच आवाज पाहिजे. नवी तार आली. या वेळी मी आईला खोलीतून बाहेर काढलं, नळाचा दिवस सोडून बसले आणि चौदा अधिक चौदा अगदी चोख मोजले. अण्णांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मते चाळीस वर्षांत दुकानातून गेलेल्या चांगल्या कामांत ते बसत होतं.

मित्रांचं म्हणणं वेगळं पडलं. स्वच्छ आहे, तक्रार काही नाही, पण साहेबांकडं जी गंमत आहे ती यात नाही. दोघांनीही तेच सांगितलं. दोघांनीही अण्णांची समजूत घालावी तसं हळू आवाजात सांगितलं.

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत करत बसले. मग म्हणाले, "मला जे गोडमिट्ट लागलं ते समद्यांला आवडलं. जे सरळ लागलं ते कुणालाच नाय. म्हंजी डोळ्यांसंगं माझे कान बी गेले." आईनं काहीतरी समजावलं, पण त्यांचं ठरलं होतं. ज्याला आवाजातला फरक कळत नाही त्यानं दुकान चालवू नये, आणि चुकीच्या कानानं मुलीला तरी काय शिकवणार. त्यांनी पिशोरला फोन लावला आणि रविवारी येऊन मशीन ने म्हणून सांगितलं.

मला रडू आलं. मशीन वाचवायला मी खोटं बोलले होते आणि त्या खोट्यानं मशीनही चाललं होतं आणि अण्णांचे कानही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. नळ, हंडा, भरलेल्या वाट्या, नऊ की दहा, भाताचा हिशेब. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हळूच आत गेली.

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "म्हंजी त्याच्यात खोट हाय?"

"हो."

"आन् ती मला कळली व्हती?"

"हो, अण्णा. तुम्हालाच फक्त कळली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ऑपरेशन यशस्वी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हासुद्धा ते एवढे खूश नव्हते. ते चक्क उठून दारापर्यंत जाऊन आले. आणि मग, आनंद पोटभर झाल्यावर, त्यांना राग आला. पुढचा तासभर मी जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच, की मोजणी कुणाचीही चुकते, त्यांचीही चुकली होती. चुकली की सांगायचं आणि उसवायचं. तार तुटली तर नवी मिळते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मीटर घेऊन साहेबांच्या फ्लॅटवर गेलो. खाली टँकर उभा होता आणि पाइप तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला होता. अण्णांनी ट्रान्सफॉर्मर सुटा केला, त्याला बारीक व्होल्टेज दिलं आणि मला दोन्ही भागांवर मीटर लावायला सांगितला. एकीकडं चौदा व्होल्ट, दुसरीकडं पंधरा. बरोबर एक चिंचोका जास्त. दहा पडले होते आणि मी नऊ धरले होते. दोन्ही भाग सारखे असले की आवाजातले काही जास्तीचे सूर एकमेकांना खोडतात. माझ्या गोळ्यात ते पुरते खोडले जात नव्हते, म्हणून गायकाच्या आवाजाला ती साय येत होती. साहेब ज्याला गोडवा म्हणत होते ती माझी चूक होती.

अण्णांनी हात जोडून सांगितलं, की फुकट दुसरा गुंडाळून देतो, हा परत द्या. साहेबांनी ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढून घेतला. "मिस्त्री, चूक तुमची असेल, पण कान माझे आहेत. हा मी देत नाही." दोन म्हातारे एका लोखंडी गोळ्यावरून अर्धा तास भांडले. शेवटी अण्णांनी हार मानली, पण अट घातली, की कुणी विचारलं तर हा बिघडलेला आहे असं सांगायचं. साहेबांनी कबूल केलं. पुढं ते प्रत्येक पाहुण्याला मोठ्या अभिमानानं सांगायचे, की माझ्याकडं बिघडलेला ट्रान्सफॉर्मर आहे.

रविवारी पिशोरवाला टेम्पो घेऊन आला. मशीनबद्दल अण्णा माझ्याशी चार दिवस एक शब्दही बोलले नव्हते, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत थांबले. बाहेरून ड्रिलचा आवाज आला. मशीन पाटावरून सोडवतायत असं वाटून मी गॅस बंद केला. आई माझ्याआधी बाहेर धावली आणि तिची तक्रार सुरू झाली, की माहेरहून आणलेली वाटी, असं करतं का कुणी.

मी बाहेर गेले. मशीन जागेवर होतं. पिशोरवाला बाकावर बसून गोंधळल्यासारखा बघत होता. अण्णांनी एका पितळी वाटीच्या बुडाला, चिंचोका पडणार नाही एवढं बारीक, भोक पाडलं होतं आणि दुसरी वाटी ड्रिलखाली धरली होती.

"मशीन द्यायचं नाय गड्या," ते त्याला म्हणाले. "बसणारी हाय घरात."

मग पितळेचा भुगा फुंकून त्यांनी दोन्ही वाट्या मशीनच्या दोन बाजूंना ठेवल्या. त्या आजही तिथंच आहेत. आईनं पुढच्या नळाच्या दिवशी सवयीनं एकीत पाणी ओतून पाहिलं, सगळं माझ्या पायावर सांडलं.