बापाची झोप आणि माझा अर्ज

नव्वदीच्या दशकात मी तिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. नवऱ्याला रोह्यात सोडून पेणला भावाकडे राहायला आले. मुलगी सात वर्षांची. अलिबागच्या कोर्टानं तिचा ताबा मला दिला आणि बापाला भेटीचा हक्क: पहिला आणि तिसरा रविवार, दहा ते पाच, पेणमध्येच.

रविवार मीच सुचवला होता. याची कंपनीतली सुटी बुधवारी, शनिवारी बहुतेक रात्रपाळी. सकाळी सातला सुटून एस्टीनं पेण गाठायचं, असं तो किती वेळा करणार? फार तर दोनदा, असा माझा अंदाज. जजसाहेब आदेश सांगत होते तेव्हा मी मान खाली घालून सोशिक दिसत होते. ते मला छान जमायचं.

यानं एकही रविवार चुकवला नाही.

भेटीची जागा म्हणजे ज्या काकांनी आमचं लग्न जमवलं, त्यांचाच गणपतीचा कारखाना. मुलगी परत आली की मी विचारायची, "काय केलंत दिवसभर?" ती म्हणायची, "काय नाय." या उत्तरानं मी इतकी पोखरून गेले की चैत्रातल्या एका रविवारी घरातला पाट काखोटीला मारून कारखान्यात शिरले. आमच्याकडे गणपती सांगायचा तर आधी पाट देऊन यायचं, मूर्ती त्यावरच बसवून मिळते. आत डोकावायला याहून सात्त्विक कारण कुठलं?

काकूंनी पाट उलटसुलट पाहिला. "काय गो, तुमचा गणपती तर गडब गावाला चुलत्याकडं असतो ना?"

"यंदापासून आमच्याकडं पण," मी म्हटलं. देवाच्या नावानं थाप मारताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

आत बिनरंगाच्या गणपतींच्या रांगेत पोत्यावर हा आडवा, तोंड उघडं. शेजारी मुलगी पुठ्ठ्यानं माश्या हाकत बसलेली. मला इतका आनंद झाला की पाटावर नाव घालायचं राहिलं, ते काकूंनीच खडूनं घातलं.

लगेच अर्ज केला. बाप निष्काळजी आहे, भेटीच्या वेळात घोरतो, सबब भेट बंद करावी. 'मुलीचे कल्याण' हे शब्द वकिलांनी दोनदा लिहिले होते, मी पाचदा लिहायला लावले.

साहेबांनी मुलीला आपल्या खोलीत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं आणि माझे कान पूर्ण.

"बाबा भेटले की काय करतात?"

"झोपतात."

मी पदर नीट केला. जिंकलेलं माणूस व्यवस्थित दिसलं पाहिजे.

"आणि तू?"

"मी माश्या हाकते. बारा वाजले की उठवते. मग आम्ही उंदीर रंगवतो. काकू आम्हाला उंदीरच देतात, गणपती नाय देत."

"कंटाळा येत असेल. जायचं नसेल तर तसं सांग."

"येतो कंटाळा. पण मी नाय गेले तर त्यांना उठवणार कोण?"

मग साहेबांनी मला आत बोलावलं. "बाई, ते झोपतात हे तुम्हाला कसं कळलं?"

"पाट द्यायला गेले होते."

साहेब कोकणातलेच असावेत. पाट कसला आणि तो नेमका भेटीच्या रविवारीच का, हे त्यांना न सांगता कळलं. त्यांनी आदेशच बदलला. बाप रात्रभर जागून पेणला येतो, त्यापेक्षा मुलीनं रोह्याला जावं. शनिवारी शाळा सुटल्यापासून रविवारी संध्याकाळपर्यंत. रात्रपाळीला आजी आहेच घरी. भेट बंद करायला गेलेली मी ती रात्रीसकट वाढवून घेऊन आले. वकिलांनी फी तेवढीच घेतली.

पण दिलेला पाट काही परत घेता येत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, "पाट तू दिलास, गणपती पण तूच आण." तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी बाबांना सांगितलंय."

चतुर्थीला रात्रपाळी करून हा आला, डोळे लाल, डोक्यावर टोपी, टोपीवर गणपती. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालून त्याला आत घ्यायचं असतं. ज्याला मी अर्जात निष्काळजी म्हटलं होतं त्याच्या पायांपाशी मी तांब्या घेऊन वाकले आणि धार होईल तेवढी बारीक धरली.

"आई, भरपूर घाल," मुलगी म्हणाली. "बाबांना जाग यायला पायजे."