कर्ण्यावरची साक्ष

काजवालीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका देवदूताच्या पाठीमागे. नाताळच्या आठवड्यातली संध्याकाळ होती. गल्लीच्या तोंडाशी मिशनच्या लोकांनी मांडव घातला होता आणि पंख लावलेल्या एका मुलीच्या झग्याचं बटण ऐन वेळी तुटलं होतं. मुलगी अगदी रडकुंडीला आलेली. तिच्यामागे गुडघ्यांवर बसून एक बारीक अंगाची बाई बटण लावत होती. दोरा दातांनी तोडून तिने मुलीच्या पाठीवर थाप मारली. "झालं. जा, उड आता." तेवढ्यात कर्ण्यावरून तिलाच बोलावणं आलं. सुई गळ्याशी कपड्यालाच टोचून ती मंचावर चढली.

आमची वस्ती जवळजवळ सगळी बौद्ध. मीही त्यातलीच. मिशनचे लोक वर्षातून एकदा, नाताळात, यायचे. गाणी म्हणायचे, पोरांना खाऊ वाटायचे, येशूच्या जन्माचं नाटक करायचे. आम्ही गर्दी करायचो. फुकटात नाटक कुणाला नको असतं? नाटक बघून घरी जायचो आणि होतो तेच राहायचो. सतरंज्या विहाराच्या, कर्णाही विहाराचाच. विहाराची देखभाल करणारे काका दर वर्षी म्हणायचे, "आमच्याच कर्ण्यातून आम्हालाच अंधारात आहात म्हणतात. अन् वर आवाज वाढवा म्हणतात!" म्हणायचे आणि आवाज वाढवून द्यायचे.

एवढ्या वर्षांत आमच्या वस्तीतून मिशनला लाभलेलं माणूस एकच, ते म्हणजे काजवाली. म्हणून दर नाताळात साक्षही तिचीच. साक्ष म्हणजे चार लोकांसमोर उभं राहून सांगायचं की आधी मी कशी होते आणि प्रभूने मला कसं उचललं.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "माझं बाळ तापाने दवाखान्यात वारलं. तेव्हा माझ्या माणसांपैकी कुणीसुद्धा माझ्याजवळ नव्हतं. मिशनच्या सिस्टरने मला धरून ठेवलं. स्वतःच्या हाताने भरवलं. त्या घासात मला प्रभू दिसला." आवाज चढवला नाही, की कुठे अडखळली नाही. एकामागून एक टाके घालावेत तसं बोलली. लोक माना वर करून ऐकत होते. गल्लीतली एक खिडकी मात्र आतून बंद झाली. थंडी वाजत असेल, असं मला वाटलं.

ती खिडकी तिच्या आईची होती, हे मला मागाहून कळलं. आमची गल्ली इतकी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने थांबायचं. गल्लीच्या एका बाजूला तिची आई आणि शिंपीकाम करणारा मोठा भाऊ, आणि बरोबर समोर काजवालीची भाड्याची खोली. नवरा बाळाच्या जन्माआधीच परगावी गेला होता, तो तिकडचाच झाला. ती शर्टांना हाताने काजं करायची. खिडकीशी बसून, मांडीवर शर्ट, सुई टोचू नये म्हणून बोटात टोपण. गावातले बरेच शिंपी तिला काम देत. तिच्या भावाचेही शर्ट तिच्याकडेच यायचे, पण दुसऱ्या शिंप्याच्या हातून.

मी त्याला एकदा हटकलं, "बहिणीशी बोलत नाहीस ना तू?"

"बोलणं बंद आहे, बाई," तो म्हणाला. "काजं कशाला बंद करू? गिऱ्हाइकांनी काय घोडं मारलंय?"

मी शिकवते त्या शाळेतल्या मुलींच्या झग्यांची कामं घेऊन मी तिच्याकडे जायला लागले आणि हळूहळू नुसतीच जाऊन बसायला लागले. ती फार बोलायची नाही. एका दुपारी मात्र गेले तर हातातलं काम बाजूला ठेवून ती नुसती भिंतीकडे पाहत बसली होती.

"दादा आला होता," ती म्हणाली. मधला शिंपी आजारी पडल्यामुळे भावाला त्या दिवशी गठ्ठा स्वतःच आणावा लागला होता. तो उंबऱ्यावर गठ्ठा टाकून वळला, तेव्हा हिने विचारलं, आई कशी आहे? त्यावर तो फाडकन म्हणाला, "आईचा डबा जेवलीस अन् सिस्टरचं नाव घेतेस. वर आई कशी आहे विचारतेस?"

"मला खरंच ठाऊक नव्हतं हो, बाई," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. ताप साथीचा होता. आत फक्त आजारी बाळ आणि त्याची आई, बाकी कुणाला सोडत नसत. बाहेरचं भांडंही आत चालत नसे. तिची आई रोज सकाळी डबा घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी जायची. पहारेकरी तो डबा आत द्यायचा, सिस्टर त्यातलं अन्न दवाखान्याच्या ताटलीत काढून हिला भरवायची आणि रिकामा डबा परत बाहेर. तो हातात पडला की आई घरी जायची. लेकीने खाल्लं, एवढंच तिला कळायचं. पुढे सिस्टरची बदली झाली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

"चवीवरून तरी कळायला हवं होतं," काजवाली म्हणाली. "आईच्या हातचं होतं. पण तोंडाला तेव्हा चव कुठे होती?"

त्याच संध्याकाळी ती गल्ली ओलांडून आईच्या दाराशी गेली. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, तो माझ्या गॅलरीपर्यंत ऐकू आला. "सगळ्या वस्तीला कर्ण्यावरून सांगितलंस ना? मग आता दाराशी येऊन कुजबुजू नकोस. कर्ण्यावरूनच सांग."

कर्णा नाताळातच लागायचा. तोवर ती थांबली. नाताळ जवळ आला तशी ती मिशनच्या पाळकांकडे गेली. पाळक वाईट माणूस नव्हते. कुणाच्याही घरी आजारपण असलं की सायकल मारत यायचे, आधी धर्म विचारायचे नाहीत. पण त्यांना साक्षीची काळजी होती. "ताई, साक्ष कशी सरळ हवी," ते म्हणाले. "फाटक, पहारेकरी, डबा... ऐकणाऱ्याने नेमकं धरायचं काय? यंदा बाहेरगावचे पाहुणेही येतायत. आहे तशीच होऊ दे."

"आणि आई?"

"आईसाठी आपण प्रार्थना करू."

त्या वर्षी तिने साक्ष आहे तशीच दिली. खिडकी तिने तोंड उघडण्याआधीच बंद झाली.

पुढच्या हिवाळ्यात म्हातारीला खोकला लागला. गल्ली ओलांडून तो सरळ काजवालीच्या खोलीत यायचा. खोकल्याची उबळ आली की हिची सुई थांबायची, उबळ ओसरली की पुन्हा चालायची. एके दिवशी तिने मला विचारलं, "बाई, साक्ष बदलली तर देव रागवेल का हो?"

मी म्हटलं, "देवाचं मला कशाला विचारतेस? आमच्याकडे तो प्रश्नच नाही. आईचं विचार."

ती हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्या नाताळात ती मंचावर गेली आणि सुरुवात नेहमीसारखीच केली. बाळ, ताप, सिस्टर. मग थांबली. मागे पाळक पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

"इथवर तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे," ती म्हणाली. "पुढचं मी चुकीचं सांगत आले. मी एकटी नव्हते. माझी आई बाहेर फाटकाशी उभी होती. सिस्टरने मला भरवलं हे खरं, पण घास आईचा होता. प्रभू मला त्याच घासात दिसला, तेही खरं. एवढंच."

टाळी वाजवावी की नाही, हे कुणालाच कळेना. पाळकांनी घाईने गाणं सुरू केलं. विहाराचे काका यंत्रापाशी बसले होते. त्यांनी मधेच केव्हातरी, कुणी न सांगता, आवाज पार वाढवला होता. मी खिडकीकडे बघत राहिले. ती संध्याकाळपासून बंद होती आणि बंदच राहिली. काजवाली खाली उतरली आणि देवदूतांचे पंख गोळा करून पिशवीत भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली.

"अगं ए, तो तुझा तारा अजून जळतोय," म्हातारी ओरडली. काजवालीच्या दारावर नाताळचा कागदी तारा होता, त्यातला दिवा. "वीज काय फुकट येते?"

बंद दाराआडचं ते बोलणं सोडलं, तर इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. काजवालीने धावत येऊन दिवा मालवला. दुपारी मला म्हणाली, "बाई, आई रागावली माझ्यावर." एखाद्या मुलीने पहिला नंबर आल्याचं सांगावं, तसं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. झालं ते इतकंच की आई खिडकीतून ओरडायची आणि ही खिडकीतून उत्तर द्यायची. गल्ली दोघींपैकी कुणीच ओलांडली नाही. मिशनने पुढच्या वर्षी साक्षीला दुसऱ्या गावाहून माणूस आणला. काजवालीला कुणी टोचून बोललं नाही, पण तिला नाटकाच्या बटणांनाही बोलावलं नाही. रविवारी ती एकटीच प्रार्थनेला जाते आणि शेवटच्या बाकावर बसते. पौर्णिमेला सगळी गल्ली विहारात जाते. तेव्हा गल्लीत एकच दिवा चालू असतो आणि त्याखाली ती काजं करत असते. तिला कुणी जा म्हणत नाही, की ये म्हणत नाही.

म्हातारीला आता बरंच काही आठवत नाही. भाऊ दुकानात जातो, म्हणून त्यानेच बहिणीला सांगितलं, "सकाळची बसत जा आईजवळ." दादाने स्वतः येऊन सांगितलं, एवढं मात्र झालं. ती जाते, आईचे केस विंचरते. आईला वाटतं ही दवाखान्यातली सिस्टर. आपल्या ताटातलं निम्मं डब्यात घालून ती डबा हिच्या हातात देते. "सिस्टर, माझी मुलगी आत आहे हो. तेवढं तिला पोचवा."

पहिल्या दिवशी काजवाली म्हणाली, "आई, अगं, मीच ती." तर म्हातारी घाबरीघुबरी झाली आणि दाराकडे बघत डबा परत मागायला लागली. तेव्हापासून ही म्हणते, "देते, मावशी."

रोज दुपारी ती घरी येते, शर्ट बाजूला सारते, डबा उघडते आणि जेवते. मग डबा घासून समोर परत नेऊन देते. रिकामा डबा हातात पडल्याशिवाय म्हातारी झोपत नाही.