मुठीचं माप

माहेरच्या दुकानावर नवी पाटी लागल्याचं शेजारणीने सांगितलं, तेव्हा तायडी कौतुकानेच बघायला निघाली. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुर करणारे, तरी चार गल्ल्या तुडवत गेली. पाटी वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

'वडिलांच्या हातची बिस्किटं.'

बाजूला वडिलांचा मोठा फोटो. वडील हसताहेत आणि त्यांच्या पोटापुढे बिस्किटांचा ट्रे. ट्रे धरणारा हात मात्र कोपरापर्यंतच. पुढचं माणूस कापून टाकलेलं. मनगटावरचा भाजल्याचा डाग तायडीने रस्त्याच्या पलीकडूनच ओळखला. आईचा हात होता तो.

वडिलांच्या हातची म्हणे. वडिलांनी उभ्या जन्मात पिठाला बोट लावलं नाही. पिठाने त्यांना शिंका यायच्या. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं, गिऱ्हाइकाला पुडा बांधून द्यायचा आणि मधून मधून आत डोकावून विचारायचं, "झाली का?" एवढाच त्यांचा कारखाना. मागच्या खोलीत पत्र्याची भट्टी धगधगायची आणि तिच्यापुढे बाह्या वर सारून आई उभी असायची. कपाळावरचा घाम पुसायलाही तिला मनगटच वापरावं लागे, कारण बोटं लोण्याने भरलेली.

तायडी तेव्हा आठ वर्षांची. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात आणि ही उलट्या बादलीवर, आईच्या समोर. पिठात लोणी मळताना आईला साखरेच्या डब्यात हात घालता येत नसे, डब्यात गोळे झाले असते. म्हणून साखर घालायचं काम हिचं.

"घाल आठ मुठी."

"दाबून की सैल?"

"भरते तशी भर. आणि खाऊ नकोस, मला ऐकू येतं."

भट्टी तापली का, हे आई उघडा हात आत घालून बघायची आणि तायडी मोजायची. बारापर्यंत हात टिकला तर ट्रे आत. एकदा तायडी सातावरून एकदम नवावर गेली. आईला हसू आलं, हात हलला आणि मनगट पत्र्याला चिकटलं. तोच हा डाग. सगळ्या गावाने आता तो वडिलांच्या फोटोत बघायचा.

धाकटा भाऊ गल्ल्यावर होता. मागच्या खोलीची वाट त्याला लहानपणी फक्त तयार बिस्किटापुरती ठाऊक होती. बहिणीला बघून त्याने खुर्ची पुढे केली.

"बरं झालं आलीस, तायडे. मीच येणार होतो. चव जमेना गं. जुनी माणसं एक खातात आणि पुडा ठेवून जातात."

त्याने खिशातून आईच्या अक्षरातला कागद काढला. पीठ, लोणी, मीठ, आणि खाली 'साखर आठ मुठी'.

"आठच घालतो. तरी ट्रेवर पसरतात, कडा काळ्या पडतात. तीन घालून बघितल्या, तर भुसा."

"मूठ कुणाची घालतोस?"

"कुणाची म्हणजे? माझी."

तायडीने त्याचा पंजा बघितला. फावड्यासारखा.

"ती मूठ माझी होती. आठ वर्षांच्या पोरीची."

भाऊ आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो तिच्या सुरकुतलेल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो हात परत लहान होणार होता.

तायडीने पिशवीत कायम बाळगलेलं एक पत्र्याचं झाकण काढलं. मलमाच्या डबीचं, कडेला गंजलेलं. पोर काय कायम एवढीच राहणार नाही, हे आईने तेव्हाच ओळखलं होतं. एका दुपारी तिने घरातली सगळी झाकणं मांडली, तायडीची मूठ एकेकात ओतून बघितली आणि हे एक काठोकाठ भरलं. तायडीच्या लग्नात आईने ते तिच्या ट्रंकेत घातलं, तेव्हा याच भावाने दात काढले होते. "बाकी काही मिळालं नाही का द्यायला?"

आता त्याचा हात आपोआप पुढे आला. तायडीने झाकण परत पिशवीत टाकलं.

"आधी बाहेरची पाटी बदल."

"अगं, लोक वडिलांना ओळखतात. आईला कोण ओळखतं?"

"कसे ओळखतील? तू कापून टाकलीस."

भावाने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "दोघांचं लिहितो. आईवडिलांच्या हातची."

"वडिलांनी काय केलं? शिंकले. तसं लिहिणार असशील तर लिही."

"तायडे, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"ती पण गेलेलीच आहे. तिच्याबद्दल तू खोटं रंगवून ठेवलंस, ते चाललं?"

दुपारी भावाने बोलावलेला पेंटर शिडी घेऊन आला. तायडी तोवर खुर्चीवरून हलली नव्हती. चहा आला तो तिने प्यायला, बिस्कीट बाजूला सारलं. पेंटरने फोटोवर आणि अक्षरांवर पांढरा रंग फिरवला, शिडीवर बसून ब्रश पुसला आणि खाली विचारलं, "नाव काय टाकायचं आईचं?"

भावाने आईच्या अक्षरातला कागद परत उलगडून दोन्ही बाजूंनी बघितला. मग बहिणीकडे बघितलं.

"माहीत नाही तुला?" तायडीने विचारलं.

"घरात सगळे आईच म्हणायचे. वडील तर 'अगं' म्हणायचे."

तायडी उठली. गुडघे धरून शिडीपाशी गेली आणि एकेक अक्षर सुटं करत तिने आईचं नाव सांगितलं. पेंटरने खडूने आखलं.

"बारीक झालं," ती म्हणाली. "रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे."

त्याने पुसून परत आखलं. मग लाल रंग भरायला घेतला. नाव पुरं झालं तसा भाऊ जवळ आला आणि त्याने हळूच हात पुढे केला.

"दे आता."

तायडीने पिशवी काखेत घट्ट धरली आणि ती खुर्ची पाटीसमोर ओढून बसली.

"आधी रंग वाळू दे."